वीजवाहिनीच्या खांबांच्या जुळण्या, खानदेशातील
शिरोपरी वीजवाहिनीचा खांब, आडवे बाहू, निरोधक, ताणतारा व भूयोजन यांच्या ठराविक मांडणीस खांबाची जुळणी म्हणतात. सरळ मार्गावरील, वळणावरील व शेवटच्या खांबांवर तारांचा ताण निरनिराळा पडत असल्याने त्यांच्या जुळण्याही भिन्न असतात. तापी खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तीत नुसताच रोवलेला खांब कलण्याचा संभव असल्याने पायाचे काँक्रीटही जुळणीचाच भाग ठरते.

महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली. जळगाव (पूर्वीचा पूर्व खानदेश) व धुळे (पूर्वीचा पश्चिम खानदेश) जिल्ह्यांत विहिरींवरील पंपांपर्यंत वाहिन्या नेताना प्रत्येक खांबाचा स्वतंत्र अभिकल्प करणे व्यवहार्य नव्हते. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामीण विद्युतीकरण निगमाच्या प्रमाण आरेखनांमुळे अशा कामांत एकसूत्रता आली. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरण महावितरण कंपनीकडे गेले.

संगणकीय अभिकल्पात अशा आरेखनांचे काम जुळण्यांचा संग्रह करतो. एका निरोधकाचा प्रकार बदलला, तरी तो असलेल्या सर्व जुळण्यांचे भार व सामानाच्या याद्या तपासाव्या लागतात. जुनी जुळणी मात्र संग्रहातून पुसून चालत नाही. तिच्यानुसार उभारलेले खांब शिवारात उभेच असतात आणि वादळानंतर त्यांवर चढणाऱ्या तारतंत्र्याची सुरक्षितता त्या नोंदीच्या खरेपणावरही अवलंबून असते.