घरट्यासमोरचा कॅमेरा: नाशिक, वन्य पिल्ले आणि अंतराचा इतिहास

१/ एप्रिलमधल्या दुपारी नांदूर मध्यमेश्वरच्या काठावर टिटवी पाण्यात उतरते, पोटाची पिसे भिजवते आणि पुन्हा उघड्या जमिनीवरच्या अंड्यांवर येऊन बसते. तापलेल्या खड्यांत अंडी निवावीत म्हणून हे फेरे चालू असतात. अशा वेळी कोणी कॅमेरा घेऊन जवळ आले, की ती उठते, ओरडत घिरट्या घालते आणि अंडी उन्हात उघडी पडतात. हा थ्रेड त्या काही मिनिटांच्या इतिहासाविषयी आहे.

२/ भारतीय कायद्यात या मिनिटांसाठी एक कठोर शब्द आहे: शिकार. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २(१६) मध्ये शिकारीची व्याख्या दिली आहे. मारणे, पकडणे, विष घालणे यांच्याच पंक्तीत तिथे पक्ष्यांच्या व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणेही बसवले आहे. बंदूक नाही, सापळा नाही, तरीही शिकार. हा शब्द घरट्यापर्यंत का यावा लागला?

३/ उत्तरासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते. वसाहतकाळात पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे प्रामुख्याने त्यांची कातडी आणि अंडी जमवणे. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी राहिलेले ए. ओ. ह्यूम हे त्या काळातील भारतीय पक्ष्यांचे सर्वांत मोठे संग्राहक. भारतीय पक्ष्यांची घरटी व अंडी या विषयावरील त्यांचा ग्रंथ १८७३ पासून प्रसिद्ध झाला. १८८५ साली त्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे गेला, त्यात हजारो अंडी होती. घरटे माहीत असणे म्हणजे ते रिकामे करणे, असा तो काळ होता.

४/ या परंपरेला पहिला पर्याय कॅमेऱ्याने दिला. १८९२ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले. १८९५ च्या त्यांच्या घरट्यांवरील पुस्तकात सर्व चित्रे छायाचित्रांचीच होती. पक्ष्यांनी बुजू नये म्हणून ते कातड्याचा पोकळ बैल करून त्याच्या पोटात लपत. अंडी जागेवर राहू लागली, ही मोठीच प्रगती होती. मात्र माणूस घरट्याच्या अधिक जवळ, अधिक वेळ बसू लागला.

५/ वाढत्या जिवाचे चित्रण हा विषय नाशिकला परका नाही. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज एकेक चौकट टिपली. बियाणे अंकुरून वेल होण्याचा तो मिनिटभराचा चित्रपट पाहून भांडवल उभे राहिले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ अवतरला. वाटाण्याच्या वेलीला एक सोय होती: कॅमेऱ्याला घाबरून उडून जाणारी आई तिला नव्हती.

६/ पिल्लांच्या बाबतीत नेमकी हीच अडचण होती. जुन्या कॅमेऱ्यांची भिंगे आखूड पल्ल्याची आणि फिल्म मंद. उडता पक्षी टिपणे जवळपास अशक्य. पक्षी हमखास एकाच जागी परत येतो ते ठिकाण म्हणजे घरटे. त्यामुळे घरटे हाच छायाचित्रकाराचा स्टुडिओ झाला. ई. एच. एन. लोथर यांचे भारतातील पक्षिछायाचित्रणावरील पुस्तक १९४९ साली आले, तेही याच काळाचे अपत्य.

७/ स्टुडिओ म्हटला की मांडणी आली. चित्राच्या आड येणारी फांदी बांधायची, पाने छाटायची, गवत दाबायचे. पण पक्ष्याने घरट्याची जागा निवडलेली असते ती त्याच पानांसाठी. आडोसा गेला की पिल्लांवर थेट ऊन येते. कावळा, घार, मुंगूस यांना वाट मोकळी होते. चित्र स्पष्ट दिसते याचा अर्थ घरटे सर्वांनाच स्पष्ट दिसते.

८/ याच काळात दुसरी वाटही घडत होती. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी जंगलवाटेवर तार ताणून ती कॅमेरा व फ्लॅशला जोडली. वाघाचा पाय तारेला लागला की वाघच स्वतःचे छायाचित्र काढत असे, माणूस तेथे नसे. त्यांचे गाजलेले पुस्तक १९२७ साली आले. आजच्या कॅमेरा ट्रॅपचे पूर्वज शोधताना या तारेपाशी यावेच लागते.

९/ महाराष्ट्रातही पाहणे आणि छेडणे यांतला फरक सिद्ध होत होता. १९३० साली अलिबागजवळच्या किहीममध्ये सालिम अली यांनी सुगरणीच्या वसाहतीवर चिकाटीने नजर ठेवली. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पसंत करते, मग नर पुढचे घरटे आणि पुढची मादी शोधतो. हा क्रम घरटी तोडून कळला नसता. अंड्यांच्या पेटीतून न उलगडणारी गोष्ट पाहत बसल्याने उलगडली.

१०/ आता नांदूर मध्यमेश्वरकडे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर ब्रिटिश काळात सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. वर्षानुवर्षे गाळ साचला, बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि शेतीसाठी अडवलेल्या पाण्यावर पक्ष्यांचे गाव वसले. १९८६ साली अभयारण्य घोषित झाले. २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. रामसरच्या नोंदीत येथील ५३६ प्रजातींचा उल्लेख आहे.

११/ हिवाळ्यातले परदेशी पाहुणे नांदूरचे वैभव खरेच, पण वीण होते ती स्थानिकांची. टिटवी जमिनीवर, टिबुकली तरंगत्या घरट्यात, कमळपक्षी पाण्यावरच्या पानांवर. टिटवीचे पिल्लू अंड्यातून आल्यावर काही तासांतच चालू लागते आणि पालकांनी इशारा दिला की जमिनीला चिकटून निश्चल बसते. कॅमेऱ्यामागच्याला वाटते, किती शांत पिल्लू! प्रत्यक्षात ते भेदरलेले असते. जी चित्रे ‘गोड’ म्हणून फिरतात, त्यांतली कित्येक भीतीची चित्रे आहेत.

१२/ डिजिटल युगाने येथे एक विसंगती निर्माण केली. लांब पल्ल्याची भिंगे आली, उडता खंड्याही सहज टिपता येऊ लागला. घरट्याजवळ जाण्याचे जे तांत्रिक कारण लोथरच्या पिढीपाशी होते, ते संपले. गर्दी मात्र वाढली. एका घरट्याची जागा मोबाईलवर पसरली की एका आठवड्यात शंभर माणसे तेथे पोचू शकतात. यांतला प्रत्येक जण म्हणतो, मी तर पाचच मिनिटे थांबलो.

१३/ पाच मिनिटांची किंमत प्रत्येक जातीसाठी सारखी नसते. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने भारतातील गिधाडे झपाट्याने संपली आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. अशा पक्ष्याचे एक अंडे वाया गेले, तर त्या जोडीचे अख्खे वर्ष वाया जाते.

१४/ पिल्लांचा दुसरा प्रश्न उसाच्या फडात आहे. निफाड, सिन्नर, दिंडोरी भागात बिबट्याची मादी उसात विते. तेथे दाट आडोसा असतो, पाणी असते आणि तोडणीपर्यंत माणसांची वर्दळ कमी. सिन्नर-इगतपुरीला लागून असलेल्या अकोले तालुक्यात कॅमेरा ट्रॅप लावून झालेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे असलेल्या त्या शेतीप्रदेशात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ४.८ प्रौढ बिबटे आढळले.

१५/ तोडणी सुरू झाली की फडात बछडे सापडतात. भोवती गर्दी जमते, बछडे हातोहात फिरतात, मोबाईल पुढे येतात. इतिहासाच्या दृष्टीने ही ह्यूमच्या काळाचीच सवय: सापडले की उचलायचे. वनविभागाची आजची पद्धत उलट आहे. बछड्यांची तपासणी होते, संध्याकाळी त्यांना खोक्यात घालून सापडल्या जागीच ठेवतात, आसपास स्वयंचलित कॅमेरे लावतात आणि माणसे निघून जातात. बहुतेक वेळा रात्री मादी येते आणि एकेक बछडा तोंडात धरून नेते.

१६/ ऑगस्ट २०२० मध्ये तर इगतपुरी भागातील एका झोपडीतच मादीने चार बछड्यांना जन्म दिला. ते सुखरूप असल्याचे वनाधिकाऱ्यांनी सांगितले आणि ती दृश्ये देशभर पाहिली गेली. फडातली असोत वा झोपडीतली, अशी दृश्ये त्यांच्या उद्देशावरून पारखावीत. मादी आली का, बछडे तिला मिळाले का, हे कळावे म्हणून जो कॅमेरा लावला जातो, त्याच्या लेखी छायाचित्र दुय्यम असते. चॅम्पियनची तार येथवर आली आहे.

१७/ कायदाही याच दिशेने सरकला. अभयारण्यातील प्रवेशाच्या परवान्यासाठी कलम २८ मध्ये छायाचित्रण हे एक कारण आधीपासून होते. २०२२ च्या दुरुस्तीने त्याला अट जोडली: अधिवासात बदल न करता, अधिवासावर वा वन्यजीवांवर प्रतिकूल परिणाम न होऊ देता. फांदी छाटणाऱ्याच्या हाताला आता कायद्याचे नेमके शब्द अडवतात. देशातील काही प्रतिष्ठित छायाचित्रस्पर्धांनीही घरट्यांची चित्रे स्वीकारणे थांबवले आहे.

१८/ नांदूरला जाणाऱ्यासाठी या साऱ्याचा अर्थ साधा आहे. पक्षी ओरडू लागला, पंख मोडल्याचे सोंग करू लागला, चोचीत किडा धरून घरट्याबाहेरच थांबला, तर अंतर आधीच ओलांडले गेले आहे. त्याच पावली मागे फिरावे आणि जागा कोणालाही कळवू नये. पिल्ले उडू लागल्यावर तीच जोडी, तीच पिल्ले, पाणथळीच्या मोकळ्या काठावर दिसतात. आठवडे लागतात, इतकेच.

१९/ पंचतंत्रात समुद्राने टिटवीची अंडी पळवली, तेव्हा पक्ष्यांनी गरुडाकडे दाद मागितली आणि समुद्राला ती परत करावी लागली. नांदूरच्या टिटवीला गरुड नाही, कायद्यातली एक ओळ आहे. ती ओळ वाचता येणारा मात्र काठावर कॅमेरा घेऊन उभा असलेला माणूसच आहे. तो मागे सरकला, की थोड्या वेळाने टिटवी पुन्हा पाण्यात उतरते, पोट भिजवते आणि अंड्यांकडे परतते.