खारेपाटातील तळी आणि माशांचा सहवास

अंबा नदी नागोठणे सोडून वायव्येस वळली की तिच्यावर डोंगराची सत्ता उरत नाही, भरती-ओहोटीची सुरू होते. आणि तेथून मुंबई बंदराच्या दक्षिण अंगाला समुद्रास मिळेपर्यंत पेण व अलिबाग या दोन तालुक्यांच्या मधून जो रुंद, गढूळ, संथ जलप्रवाह पसरतो, त्यालाच आपण धरमतरची खाडी म्हणतो. मुंबईहून आगबोटीने धरमतरच्या धक्क्यावर उतरून खुष्कीच्या मार्गाने पेणकडे अथवा दक्षिण कोकणाकडे जाणाऱ्या प्रवाशांच्या कित्येक पिढ्यांनी ही खाडी पाहिली. परंतु त्या धक्क्याच्या आसपास, बांधांच्या आड, घरोघरच्या लहान तळ्यांतून मत्स्यपालनाची जी एक विद्या शांतपणे वाढत होती, तिच्याकडे त्यांपैकी फारच थोड्यांचे लक्ष गेले असावे. कोणता मासा कोणत्या माशासोबत नांदेल आणि कोणता नांदणार नाही, हा आज काचेची पेटी विकत घेणाऱ्या प्रत्येक हौशी माणसाला पडणारा प्रश्न खारेपाटातील, म्हणजे खाडीकाठच्या या खाऱ्या पट्ट्यातील, कुणब्याने आणि आगऱ्याने फार पूर्वीच स्वतःला विचारला होता, आणि त्याचे उत्तरही आपल्या परीने काढले होते.

या भूमीची घडणच मुळी मानवी परिश्रमाची. खाडीच्या चिखलावर मातीचे बांध घालून, भरतीचे पाणी अडवून, जमीन गोडी करून भात पिकवावयाचे, हा येथील पुरातन उद्योग. असे काम अंगावर घेणाऱ्यास सरकारातून कौल मिळे आणि जमिनीवरील सारा इस्ताव्याने, म्हणजे वर्षागणिक थोडाथोडा वाढवीत, आकारला जाई. 1883 च्या कुलाबा गॅझेटिअरात ज्या शिलोत्री जमिनींचे वर्णन आहे त्या याच. बांध राखण्याची जबाबदारी वाहणाऱ्या शिलोतदारास कुळांकडून धान्याचा हिस्सा मिळे. समुद्राच्या बाजूचा बाहेरकाठा, त्यात पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडण्यासाठी बसविलेली उघाडी आणि आत भाताची खाचरे, असा हा सगळा बंदोबस्त. परंतु जमीन गोडी झाली तरी तिच्या पोटातले पाणी खारेच राहिले. विहीर खणावी तर मचूळ पाणी लागे. म्हणून पावसाचे पाणी साठविणारी तळी आवश्यक झाली; आणि सखल जागी घर उभारताना जोत्याच्या भरावासाठी माती काढावी लागे, तिच्या खड्ड्याचेच अंगणालगत तळे होई. एका श्रमात दोन कामे साधत. पाणी आले की त्यात मासा आलाच.

तो मासा म्हणजे जिताडा. रायगड जिल्ह्यात, विशेषतः पेण-अलिबागच्या पट्ट्यात, पाहुण्याच्या ताटात जिताडा वाढणे हा यजमानाच्या प्रतिष्ठेचा विषय मानला जातो, आणि माझ्या मते तो मान सर्वस्वी यथार्थ आहे. या माशाचा जीवनक्रम विलक्षण आहे. तो अंडी घालतो खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. त्याची पिल्ले पावसाळ्यात भरतीबरोबर खाडीत, तेथून उघाडीच्या फटींतून खाचरांत येतात. आणि गोड्या पाण्यात तो उत्तम वाढत असला तरी तेथे त्याची प्रजा होत नाही. आयुष्याच्या पूर्वार्धात तो नर असतो, पुढे वाढल्यावर त्याची मादी होते. म्हणजे तळ्यातल्या जिताड्यापासून तळ्यातच पुढची पिढी मिळण्याची आशा नाही. दर पावसाळ्यात खाडीकडेच हात पसरावा लागे. ही पिल्ले ओळखण्याची खूणही निसर्गानेच देऊन ठेवली आहे: अंगावर तपकिरी-काळसर ठिपकेदार छटा, डोक्यावरून पाठीकडे जाणारा एक फिकट पट्टा, आणि कंदिलाच्या उजेडात तांबूस चमकणारे डोळे. पकडलेली पिल्ले भांड्यात घेऊन त्यात तळ्याचे गोडे पाणी थोडेथोडे मिसळीत जावयाचे, आणि पिल्लांना त्या पाण्याची सवय झाली की मगच ती तळ्यात सोडावयाची. घाई केली तर पिल्ले दगावतात.

येथेच सहवासाचा खरा प्रश्न उपस्थित होतो. जिताडा जात्याच शिकारी; स्वतःच्या निम्म्याहून अधिक लांबीचा मासा तो अखंड गिळू शकतो, आणि ह्या बाबतीत त्याला आपला-परका हा विधिनिषेध नाही. एकाच दिवशी धरलेल्या पिल्लांतही दोन बोटे मोठे असलेले पिल्लू धाकट्यांना खाऊन टाकते. यासाठी जाणते लोक पिल्ले लांबीप्रमाणे निवडून सारख्या मापाची तेवढी एका तळ्यात सोडतात. जातीपेक्षा तोंडाचे माप महत्त्वाचे, हे तत्त्व त्यांना पुस्तकावाचून कळले होते.

आता ज्या काचेच्या पेटीला आपण आधुनिक हौस समजतो तिचा इतिहास पाहावा. 1850 च्या सुमारास लंडनचा रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने काचेच्या पात्रात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली. वनस्पतीची कुजलेली पाने पाणी नासवू लागली तेव्हा त्याने त्यात पाणगोगलगाई सोडल्या, आणि त्या कुजके खाऊन टाकू लागताच पात्रातील जीवन स्थिरावले. कोणी काय खातो आणि कोणाचा मळ कोण उचलतो, याचा मेळ बसविणे हाच त्या प्रयोगाचा गाभा होता. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाले, आणि त्यानंतर मध्यमवर्गीय घरांत पेटी ठेवण्याची हौस दृढ झाली.

या पेट्यांत होणारी हानी बहुतेक वेळा चुकीच्या निवडीची असते. गोल्डफिश थंड पाण्याचा, संथ, पुष्कळ मळ करणारा. त्याच्या शेजारी उष्ण पाण्याचे चपळ टायगर बार्ब सोडले तर ते त्याचे लोंबते पर कुरतडतात. एंजल लहान असताना निऑन टेट्रांसोबत गुण्यागोविंदाने राहतो, मोठा झाला की त्यांनाच गिळतो. मॉलीला क्षारयुक्त, कठीण पाणी मानवते. निऑन ॲमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्याचा. दोघांना एकत्र ठेवणे म्हणजे दोघांपैकी एकाला सतत कष्टात ठेवणे. खाडीतून आणलेले बोटभर जिताड्याचे देखणे पिल्लू पेटीत सोडले, तर काही दिवसांत पेटीत तेवढेच उरेल. पाण्याचा गुण, तोंडाचे माप आणि स्वभाव, या तिन्हींची चौकशी मासा विकत घेण्यापूर्वी करावी. खारेपाटातील माणूस तळ्याबाबत नेमके हेच पाहत आला आहे.

स्वातंत्र्यानंतर या तळ्यांत नवे रहिवासी आले. रोहू, कटला, मृगळ यांचे बियाणे पूर्वी बंगालच्या नद्यांतून धरून आगगाडीने दूरदूर पाठवीत. 1957 मध्ये हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्काने या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, आणि बियाणे नदीच्या मर्जीवर अवलंबून राहिले नाही. कटला पृष्ठभागाशी चरतो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. एकाच पाण्यात तिघांची अन्नावरून स्पर्धा जवळजवळ होत नाही. ही निवड मला फार सुंदर वाटते. त्याआधी 1952 मध्ये देशात आलेल्या तिलापियाने मात्र अनेक तळ्यांची दुर्दशा केली: तो दोन-तीन महिन्यांतच प्रौढ होतो, मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले भरपूर वाचतात आणि थोड्याच काळात तळे खुरट्या माशांनी भरून जाते. खारेपाटाने या संकटाचा उपयोग करून घेतला. तिलापियाची पिल्ले हेच जिताड्याचे चालते-बोलते अन्न ठरले. एकाची अतिवृद्धी थांबली, दुसऱ्याचे वजन वाढले. रोहू-कटल्याच्या तळ्यात जिताडा सोडावयाचा असेल तर ते मासे त्याच्या तोंडात मावणार नाहीत इतके आधी वाढू द्यावे लागतात.

खारेपाटातील निवडीला आणखी एक कारण आहे आणि ते भूगोलाचे आहे. उधाणात बाहेरकाठ्याला खांड पडली की खाडीचे पाणी खाचरांतून थेट तळ्यांत शिरते, आणि बांधांची डागडुजी हयगयीने होऊ लागल्यापासून असे प्रसंग वाढले आहेत. पाणी पुरेसे खारे झाले तर रोहू, कटला, मृगळ तग धरत नाहीत. तिलापिया बहुधा जगतो, आणि जिताड्याला तर हे पाणी जन्माचेच ओळखीचे. वर्षभराची मेहनत एका रात्रीत वाहून जाण्याच्या या प्रदेशात ज्याने जिताडा आणि तिलापिया यांची जोडी राखली त्याच्या घरात काही तरी शिल्लक राहिले. 1997 मध्ये चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंशोधन संस्थेने जिताड्याचे बंदिस्त प्रजनन साधले. आता त्याची पिल्ले बीजकेंद्रातूनही मिळतात आणि गोळीखाद्यावर वाढविता येतात. तरीही तळ्यात सोडण्याआधी ती लांबीप्रमाणे निवडावीच लागतात, कारण बीजकेंद्रातल्या पिल्लाचा स्वभावही खाडीतल्या पिल्लापेक्षा निराळा नाही.