गोया : एका बहिऱ्या चित्रकाराची साक्ष

स्पेनचा थोर चित्रकार फ्रान्सिस्को गोया ह्याच्या आयुष्याचीं शेवटचीं ३५ वर्षें संपूर्ण बहिरेपणांत गेलीं. अशा माणसाची ओळख केवळ कानांनीं ऐकावयाच्या भाषणांतून करून द्यावयाची, आणि त्याचीं चित्रें मात्र श्रोत्यांना दाखवितां यावयाचीं नाहींत, ही माझी आजची अडचण आहे. म्हणून फार चित्रांच्या मागें न लागतां थोडींच चित्रें शब्दांनीं आपणांपुढें उभीं करण्याचा प्रयत्न करितों. युद्धाचीं चित्रें पुष्कळांनीं काढलीं आहेत. परंतु युद्धांत माणसाचें काय होतें, हें गोयाइतक्या निर्भीडपणें फारच थोड्यांनीं सांगितलें असेल.

गोयाचा जन्म ३० मार्च १७४६ रोजीं आरागॉन प्रांतांतील फुएन्देतोदोस ह्या खेड्यांत झाला. म्हणजे आपल्याकडील पानिपतच्या रणसंग्रामापूर्वीं १५ वर्षें. बाप सोन्याचा मुलामा देणारा कारागीर होता. सारागोसा शहरीं चित्रकलेची उमेदवारी केल्यावर माद्रिदच्या राजमान्य कलासंस्थेच्या स्पर्धेंत तो उतरला, पण १७६३ आणि १७६६ अशा दोन्ही वेळां त्याला अपयश आलें. पुढें तो इटलीस जाऊन आला, १७७३ सालीं त्यानें विवाह केला, आणि राजवाड्याच्या भिंतींवर टांगावयाच्या विणीव पटांसाठीं नमुन्याचीं चित्रें काढूं लागला. पतंग उडविणारे तरुण, आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्या स्त्रिया, असे त्या चित्रांचे आनंदी विषय. १७८९ सालीं तो दरबारी चित्रकार झाला. घरांत मात्र दैव तितकें उदार नव्हतें. त्याच्या अनेक मुलांपैकीं हावियेर हा एकटाच वांचला.

१७९२ च्या अखेरीस दक्षिण स्पेनमध्यें असतांना त्याला भयंकर दुखणें आलें. त्यांतून तो उठला, पण कान कायमचे गेले. तेव्हां तो ४६ वर्षांचा होता. संकटानें कलावंत मोठा होतो असें आपण सहज बोलून जातों. संकटानें मोडून पडलेले कलावंत आपल्या नजरेस येत नाहींत, एवढेंच त्याचें कारण. गोयाच्या बाबतींत मात्र इतकें खरें कीं, ह्यापुढें राजाच्या मागणीचीं चित्रें एका हातानें आणि स्वतःच्या मनाचीं चित्रें दुसऱ्या हातानें, असा त्याचा दुहेरी व्यवसाय सुरू झाला.

१७९९ सालीं हा दुहेरीपणा स्पष्ट दिसला. त्याच वर्षीं तो राजाचा प्रथम चित्रकार झाला, आणि त्याच वर्षीं तांब्याच्या पत्र्यांवर आम्लानें कोरून छापलेला ८० चित्रांचा एक संच त्यानें विक्रीस काढला. त्यांत ढोंग, लोभ, अंधश्रद्धा ह्यांची निर्दय थट्टा होती. एका चित्रांत मेजावर डोकें टेकून एक मनुष्य झोंपला आहे, आणि त्याच्या पाठीमागून घुबडें व वटवाघळें उठत आहेत. बुद्धीच्या निद्रेंतून राक्षस जन्मतात, असें त्या चित्राचें नांव. हा संच थोड्याच दिवसांत विक्रींतून निघाला, आणि १८०३ सालीं ते पत्रे त्यानें राजाच्या स्वाधीन केले.

नंतर १८०८ सालीं नेपोलियनच्या फौजा माद्रिदमध्यें असतां २ मे रोजीं शहरांतील लोक त्यांच्यावर उठले. त्या रात्रीं आणि दुसऱ्या दिवशीं पहाटेपर्यंत पकडलेल्या लोकांना गोळ्या घालण्यांत आल्या. सहा वर्षांनीं, १८१४ सालीं, गोयानें त्या प्रसंगाचें सुमारें साडेतीन मीटर रुंदीचें चित्र रंगविलें. आपण तें क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. रात्र आहे. मागें टेकडी, आणि जमिनीवर एक मोठा चौकोनी कंदील. उजव्या बाजूस शिपायांची रांग, एका मापाची, बंदुका रोखलेली. त्यांच्यांतील एकाचाहि चेहरा दिसत नाहीं. डाव्या बाजूस मात्र सगळे चेहरेच चेहरे. कोणी तोंड झांकून घेतलें आहे, एक साधु हात जोडून बसला आहे, आणि पुढें रक्तांत प्रेतें पडलीं आहेत. मध्यें पांढऱ्या सदऱ्याचा एक मनुष्य गुडघ्यांवर टेकून दोन्ही हात पसरून समोर पाहत आहे. कंदिलाचा सारा उजेड त्याच्या सदऱ्यावर पडला आहे. त्याच्या उजव्या तळहातावर ख्रिस्ताच्या खिळ्याची आठवण देणारी खूण आहे. तो सेनापति नाहीं, राजा नाहीं. त्याचें नांवहि चित्रांत नाहीं. तो भ्यालेला आहे, आणि ही भीति गोयानें लपविलेली नाहीं.

गोया येथेंच थांबता, तर देशभक्त चित्रकार एवढीच त्याची कीर्ति राहिली असती. पण युद्धाच्या काळांत आणि त्यानंतर त्यानें तांब्याचे आणखी ८२ पत्रे कोरले. त्यांत फ्रेंच शिपायांचे अत्याचार आहेतच. परंतु तिसऱ्याच चित्रांत एका स्पॅनिश माणसानें खालीं पडलेल्या शिपायावर कुऱ्हाड उगारली आहे, आणि खालीं शीर्षक आहे : ‘तेंच’. दुसऱ्या एकांत स्पेनचाच जमाव एका निराधार माणसाची विटंबना करीत आहे. पुढें १८११-१२ मधील माद्रिदच्या दुष्काळाचीं चित्रें येतात. त्या दुष्काळांत सुमारें २०,००० माणसें मेलीं. एका चित्रांत मरणोन्मुख माणसाच्या तोंडाशीं कोणी पेला धरला आहे, आणि एका पेल्यानें काय होणार, असा शीर्षकांतच प्रश्न आहे. तरीहि पेला धरणारा हात गोयानें गाळलेला नाहीं. आणखी एका चित्राखालीं तो लिहितो : ‘मीं हें पाहिलें’.

हें सांगणारा स्वतः निष्कलंक वीर होता, असें मात्र समजूं नये. परक्या राजाच्या अमलांतहि तो दरबाराशीं संबंध राखून होता. १८११ सालीं नेपोलियनच्या भावाकडून त्यानें मानचिन्हहि स्वीकारलें, आणि युद्ध संपल्यावर त्याची चौकशी झाली. माणूस भयानें आणि पोटासाठीं किती वांकतो, हें त्याला दुसऱ्याकडून शिकावयाचें नव्हतें. म्हणूनच कीं काय, क्रौर्य हा अमुक एका राष्ट्राचा गुण आहे असें तो मानीत नाहीं. कुऱ्हाड हातीं आली कीं कालचा दीन आज निर्दय होतो, हें त्याचें मनुष्याविषयींचें मत आहे, आणि त्यांत तो स्वतःलाहि वगळीत नसावा. हीं चित्रें त्याच्या हयातींत प्रसिद्धच झालीं नाहींत. तीं लोकांपुढें आलीं १८६३ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनीं.

१८१९ सालीं माद्रिदबाहेर त्यानें एक घर विकत घेतलें, आणि त्याच्या भिंतींवर कोणीहि न मागितलेलीं १४ काळोखीं चित्रें रंगविलीं. एकांत उतरत्या जमिनीआडून वर आलेलें केवळ एका कुत्र्याचें डोकें दिसतें, आणि वर अफाट पोकळी. आज हीं चित्रें माद्रिदच्या प्रादो संग्रहालयांत आहेत. इतकें पाहिलेला मनुष्य निराश झाला असेल, असें कोणासहि वाटेल. पण १८२४ सालीं, ७८ व्या वर्षीं, तो फ्रान्समध्यें बोर्दो येथें गेला आणि तेथें शिळाछापाचें नवें तंत्र घेऊन बैलांच्या झुंजीचीं चित्रें छापूं लागला. त्याच सुमाराचें त्याचें एक रेखाचित्र आहे. पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध दोन काठ्या टेकीत चालला आहे, आणि वर शब्द आहेत : ‘अजून शिकतों आहें’.

१६ एप्रिल १८२८ रोजीं तो बोर्दो येथें वारला. पुढें त्याच्या अस्थि स्पेनमध्यें आणिल्या, आणि १९१९ पासून त्या माद्रिदच्या सान अन्तोनियो दे ला फ्लोरिदा ह्या प्रार्थनामंदिरांत आहेत. त्याच्या घुमटांत १७९८ सालीं गोयानेंच चित्र काढलें होतें. निरपराध बापावर खुनाचा आरोप आला असतां संत अँटनीनें मृताला उठवून खरी साक्ष देवविली, ती ती कथा. तो चमत्कार पाहावयास गोयानें घुमटाच्या कठड्याभोंवतीं माद्रिदच्या रस्त्यांतील साधीं माणसें उभीं केलीं आहेत. कोणी नीट पाहत आहे, कोणी गप्पांत दंग आहे, आणि पोरें कठड्यावर चढलीं आहेत. मनुष्यजात त्याला अशीच दिसली. तिच्यापैकीं जे मेले त्यांच्या वतीनें खरी साक्ष देणें, हें काम त्यानें पुढें स्वतःकडे घेतलें.