रिकाम्या शब्दाचा शोध

एखाद्या वाक्यात अमुक शब्द आहे की नाही, हे संगणकाकडून पाहून घेणे सोपे आहे. पण जो शोधावयाचा त्यातच एकही अक्षर नसेल, तर उत्तर काय यावे? ‘सापडला’ की ‘सापडला नाही’? सी या संगणकभाषेच्या इतिहासात ही दोन्ही उत्तरे दिली गेली आहेत.

१९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये डेनिस रिची यांनी सी भाषा घडविली. तीत अक्षरांच्या माळेला स्ट्रिंग म्हणतात. स्ट्रिंगची लांबी वेगळी लिहून ठेवीत नाहीत. शेवटच्या अक्षरानंतर शून्य मूल्याचा एक बाइट येतो, तीच तिची समाप्ती. म्हणून रिकाम्या स्ट्रिंगमध्येही तो एक बाइट असतोच. डबा रिकामा असणे निराळे आणि डबाच नसणे निराळे.

ब्रायन कर्निहन आणि रिची यांच्या पाठ्यपुस्तकाची दुसरी आवृत्ती १९८८ मध्ये निघाली. तीतील शोधाचे नमुना फंक्शन निदान एक अक्षर जुळल्यावाचून होकार देत नाही. रिकाम्या स्ट्रिंगला ते उणे १, म्हणजे नकार, कळविते. पुढल्याच वर्षी, १९८९ मध्ये, सी भाषेचे अमेरिकन प्रमाण ठरले. त्यातील ‘स्ट्रस्ट्र’ या फंक्शनचा नियम उलट आहे: रिकामी स्ट्रिंग आरंभीच सापडते.

या नियमाला तर्काचा आधार आहे. ‘मालवण’ या शब्दाच्या आरंभी ‘मालव’ सापडतो, ‘माल’ सापडतो, ‘मा’ही सापडतो. मग ते अखेरचे अक्षर गळताच उत्तर का फिरावे? न जुळणारे अक्षर आढळले तरच नकार द्यावयाचा. येथे तर अक्षरच नाही.

तथापि असे टोकाचे प्रसंग सहज निसटतात. लिनक्सच्या जुन्या लायब्ऱ्यांत ‘मेममेम’ हे त्याच जातीचे फंक्शन रिकाम्या शोधाला आरंभाच्याही एक घर मागची जागा दाखवी. ग्लिबसीच्या २.० आवृत्तीत ते शेवटच्या बाइटाकडे बोट दाखवू लागले, २.१ मध्ये चूक दुरुस्त झाली.

योग्य उत्तरातही धोका आहेच. मजकुरातील शब्द शोधून बदलणारा प्रोग्राम सापडलेल्या शब्दाच्या लांबीइतका पुढे सरकतो. लांबी शून्य असेल, तर तो तेथेच सापडतो, तेथेच थांबतो आणि पुन्हा तेथेच शोधतो. ही फेरी कधी संपत नाही. म्हणून जाणता प्रोग्रामर शोध सुरू करण्यापूर्वी शोधावयाच्या स्ट्रिंगचा पहिला बाइट तपासून घेतो.