नासारोध, शस्त्रक्रियोत्तर
नाकाचा आकार बदलल्यावर किंवा पडदा सरळ केल्यावर श्वासाला होणारा अडथळा. पहिले काही आठवडे तो बहुधा सूज व खपल्यांमुळे असतो. मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि धीर धरणे बहुतेकदा पुरते. महिनोन्महिने टिकल्यास वाकडा राहिलेला पडदा, आतले चिकटलेले भाग किंवा नासाझडपेचा संकोच तपासतात. पडदा व वरची पार्श्वकूर्चा यांमधला झडपेचा कोन जेमतेम १० ते १५ अंशांचा. नाकाचा उंचवटा तासताना कूर्चेचा आधार गेला की हा कोन मिटतो. गाल बाजूला ओढून श्वास मोकळा होतो का, हे पाहणारी कॉटल चाचणी सोपी, पण निरोगी नाकातही होकार देणारी. जॅक शीन यांनी १९८४ मध्ये वर्णिलेल्या विस्तारक कलमांत पडद्याच्या, कानाच्या वा बरगडीच्या कूर्चेच्या पट्ट्या बसवून झडपेचा कोन पुन्हा रुंद करतात.