बदलीचं गाव

जैसलमेर हे गावच मुळात बदली होऊन आलेलं आहे. भाटी रजपुतांची जुनी राजधानी लोद्रवा इथून साधारण पंधरा किलोमीटरवर होती. ती सपाटीवर, वाटेवर, आणि म्हणून हल्लेखोरांच्या सोयीची. रावळ जैसलने ११५६ साली ती सोडून त्रिकूट टेकडीवर किल्ला बांधला, आणि लोद्रव्याची माणसं बोचकी बांधून टेकडीवर आली. राजाने एका दिवसात ठरवलं असेल; पण चुली, जाती, रांजण, पाळणे हलवायला किती दिवस लागले असतील, ते इतिहासात कुणी लिहून ठेवलेलं नाही. ते काम ज्यांनी केलं त्यांच्या हातात लेखणी नव्हती.

नकाशावर हा जिल्हा केवढा आहे, तर क्षेत्रफळ ३८,४०१ चौरस किलोमीटर. गोव्यासारखी दहा राज्यं त्यात बसतील. पाऊस वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर. आमच्या बेळगावात एवढा पाऊस जुलैच्या एकेका आठवड्यात पडून जातो, आणि आम्ही वाळत न आलेल्या कपड्यांच्या नावाने कुरकुरत बसतो.

१९९१ मध्ये माझ्या यजमानांची बदली या गावी झाली. हुकूम आला तेव्हा घरात सुतक असावं तशी शांतता पसरली. सासूबाई म्हणाल्या, "तो जाऊ दे, तू मुलीला घेऊन इथंच राहा. पाणी नाही, भाजी नाही, आपलं माणूस नाही. वाळूत जाऊन करणार काय?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मुलगी सहा वर्षांची, शाळा लागलेली. माहेरचे, सासरचे सगळे त्यांच्याच बाजूचे. मी गेले. तीन वर्षं राहिले. आजही बायका मला विचारतात, "अहो, पण तुम्ही का गेलात?" त्याचं उत्तर देताना मी नेहमी त्या गावाचाच इतिहास सांगायला लागते. कारण अशा ठिकाणी कोण का येतं, आणि आल्यावर काय करतं, हे मला त्या गावानेच शिकवलं.

आधी आले व्यापारी. सिंधकडून गुजरातेकडे आणि पुढे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांच्या वाटेवर हे गाव. जकात, सावकारी, साठवण सगळं इथं. ओसवाल जैन घराणी या व्यापारावर मोठी झाली आणि त्यांनी किल्ल्यात देरासरं बांधली. चिंतामणी पार्श्वनाथांचं मंदिर पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्याला लागून संभवनाथांचं, १४४० च्या सुमाराचं. पिवळ्या दगडावरचं कोरीवकाम असं, की जणू शेवग्याच्या पानांची जाळी. आम्ही दिगंबर, ते श्वेतांबर. मूर्तीचे डोळे वेगळे, पूजेची रीत वेगळी. पण किल्ल्यात जैन मंदिर ही गोष्ट बेळगावच्या माणसाला परकी कशी वाटेल? आमच्या किल्ल्यात १२०४ सालची कमल बस्ती आहे. तिथल्या नेमिनाथांसमोर उभं राहून मोठी झालेली मी, त्या वाळूतल्या किल्ल्यात पहिल्यांदा हात जोडले तेव्हा जरा स्थिरावले.

या संभवनाथ मंदिराच्या तळघरात त्या गावाचं खरं धन आहे. आचार्य जिनभद्रसूरींनी पंधराव्या शतकात इथं ज्ञानभांडार उभं केलं. गुजरातेत पाटण, खंभात इथं लिहिलेल्या ताडपत्री पोथ्या इथं आणून ठेवल्या गेल्या. आज तिथं ताडपत्री पोथ्या चारशेच्या आसपास आहेत, कागदाच्या वेगळ्या. काही ताडपत्रं हजार वर्षांच्या घरातली. त्या इतकी वर्षं टिकल्या याची दोन कारणं. एक, गाव आडवाटेला. तिथवर सैन्य नेणं म्हणजे आधी पाण्याची सोय करणं. जैसलमेरला वेढे पडलेच नाहीत असं नाही, जोहारही झाले. पण गुजरातच्या मैदानापेक्षा धोका कमी. दुसरं कारण कोरडी हवा. आमच्याकडे पावसाळ्यात पापडाच्या डब्यालासुद्धा बुरशी येते, तर ताडपत्राचं काय होणार! ज्या कोरडेपणाने आमचे ओठ फुटायचे, त्यानेच त्या पोथ्या जपल्या.

पुढे या पोथ्यांसाठी माणसं येऊ लागली. जानेवारी १८७४ मध्ये मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात असलेले डॉ. ब्यूलर तिथं पोचले. बरोबर हेर्मान याकोबी नावाचा तेविशीचा जर्मन तरुण. रेल्वे नव्हती. भांडाराचे रखवालदार परक्यांना सहजी दाखवायला तयार नव्हते, आणि त्यांचंही काय चुकलं? ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पोथ्या लपवून जपल्या, त्यांनी त्या अनोळखी साहेबासमोर एकदम पसराव्यात, ही अपेक्षा जास्तच. तरीही त्या दोघांच्या हाती एक ताडपत्री पोथी आली. ती होती बिल्हणाचं 'विक्रमांकदेवचरित'. दोघांनी बसून थोड्याच दिवसांत ती उतरवून काढली आणि १८७५ साली ब्यूलरनी मुंबईत छापली.

आता हा बिल्हण कोण, तर काश्मीरचा. घर सोडून निघाला तो मथुरा, कनोज, काशी, गुजरात असा फिरत फिरत शेवटी दक्षिणेत कल्याणच्या चालुक्यांच्या दरबारी आला. राजा सहावा विक्रमादित्य, ज्याने १०७६ पासून आपल्या नावाचा शक चालवला. ते कल्याण म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. म्हणजे आपल्याच पट्ट्याचा राजा! आमच्या भागातल्या कितीतरी शिलालेखांत त्याचं नाव आहे. बिल्हणाने त्याचं चरित्र अठरा सर्गांत लिहिलं आणि शेवटच्या सर्गात स्वतःच्या गावाची, घराची, प्रवासाची हकीकत सांगितली. काश्मीरचा कवी, कल्याणचा राजा, गुजरातेतून आलेल्या पोथ्यांचं भांडार, आणि ग्रंथ सापडला तो थरच्या वाळवंटात. जिथं लिहिलं गेलं तिथं नाही, ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्या राजधानीतही नाही. परक्या गावाने सांभाळलं. शिवाय हा कवी जैन नव्हता, राजाही जैन नव्हता. तरी जैन भांडाराने त्याची पोथी आगमांच्या शेजारी ठेवली. माझ्या मते हा आपल्या समाजाचा मोठा गुण आहे, आणि तो आपण विसरता कामा नये.

याकोबींचं पुढे काय झालं ते आपल्या वाचक भगिनींना माहीत असायला हवं. आचारांगाचं आणि कल्पसूत्राचं त्यांचं इंग्रजी भाषांतर १८८४ साली प्रसिद्ध झालं, आणि जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा नव्हे, तो स्वतंत्र आणि अधिक जुना आहे, हे त्यांनी युरोपातल्या पंडितांना पटवून दिलं.

त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रा. गो. भांडारकरांचे चिरंजीव श्रीधरपंत राजपुतान्यात पोथ्यांच्या शोधात फिरले, जैसलमेरलाही गेले. १९१६ मध्ये बडोद्याहून चिमणलाल दलाल आले. सयाजीराव महाराजांच्या संस्थानाने त्यांना पाठवलं होतं. दलालांनी यादी केली, पण १९१८ मध्ये सदतिसाव्या वर्षीच ते वारले. पंडित लालचंद्र गांधी यांनी ती पुरी केली आणि गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२३ साली ती छापली गेली. बडोद्याच्या मराठी घरांना सयाजीरावांच्या शाळा आणि वाचनालयं ठाऊक असतात. हेही त्यांच्याच खाती जमा आहे.

आणि १९५० मध्ये मुनी पुण्यविजयजी पायी चालत आले. तिथं वर्षाहून अधिक काळ राहिले. विस्कटलेली पानं जुळवली, तुकडे जोडले, सूची केली, पोथ्यांची सूक्ष्मचित्रं काढवून घेतली. त्यांची सूची १९७२ साली अहमदाबादहून छापली गेली; पण १९७१ मध्येच त्यांनी देह ठेवला होता. मुनींना बदलीचा हुकूम नव्हता, पगार नव्हता. काम तिथं होतं म्हणून ते तिथं आले, इतकंच.

गाव सोडून जाणारेही होतेच. बाफना घराण्याची, ज्यांना पटवा म्हणत, त्यांच्या पाच हवेल्या बघायला आज जग लोटतं. त्या एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, गुमानचंद बाफनांच्या पाच मुलांसाठी बांधलेल्या. पण त्यातले जोरावरमल व्यापारासाठी इंदूरला आणि मग कर्नल टॉडच्या बोलावण्यावरून उदेपूरला गेले. त्याच घराण्यातले सर सिरेमल बापना १९२६ ते १९३९ होळकर संस्थानचे दिवाण होते. इंदूरच्या आमच्या नातलगांना बापनासाहेब माहीत असतात, पण त्यांचं मूळ वाळूत आहे हे सांगितलं की नवल वाटतं. मुंबई बंदर वाढलं, आगगाडी आली, तांड्यांची वाट ओस पडली. १९४७ साली सिंधची वाट तर बंदच झाली. एकेका हवेलीला कुलूप लागत गेलं.

पुरुष परमुलखी जात तेव्हा बायका बहुधा मागे राहत. पिढ्यान्‌पिढ्या हीच रीत. त्याला तिकडे 'दिसावर' म्हणतात, म्हणजे आपला परदेश. आमच्या शेजारच्या भुआसा, सत्तरीच्या, त्यांचे यजमान अठरा वर्षं कलकत्त्याला होते. तीन-चार वर्षांतून एकदा यायचे. मी बेळगावहून मुलीला घेऊन नवऱ्यामागे आले, हे ऐकून त्या हसल्या. म्हणाल्या, "बाईसा, आम्ही वाळूत राहिलो नि ते निघून गेले. तू वाळूत यायला निघालीस. काळ बदलला म्हणायचा."

या भुआसांनी मला पाणी शिकवलं. आपल्याकडे दुपदरी गाळणं रोजचंच. पण बेळगावात ते मी आईने घातलेलं वळण म्हणून करायची. तिथं त्याचा अर्थ कळला. राजस्थानात तेव्हा नारू होता. पायातून सुतासारखा हातभर लांब जंत निघतो तो रोग. नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या बावडीत पाय बुडवतो, जंताची पिल्लं पाण्यात जातात, ती पाण्यातले बारीक कीटक गिळतात, आणि ते कीटक आपण पितो. वर्षभराने पाय सुजतो. औषध नाही, लस नाही. उपाय एकच, पाणी दाट कापडातून गाळून प्यायचं. भारतातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानातच नोंदला गेला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. सरकारी माणसांनी गावोगावी गाळणी वाटली, बावड्या बुजवल्या, त्यांचं श्रेय त्यांना आहेच. पण जे आपल्या घरांत जीवदयेपोटी शेकडो वर्षं चाललं होतं, तेच शेवटी शास्त्राचं औषध ठरलं. रोजच्या रोज, हंड्यावर हंडा, ते कुणी केलं? घरातल्या बायकांनीच.

स्वयंपाकही तसाच. केर, सांगरी, कुमटिया, सगळं वाळवलेलं. पहिल्या महिन्यात मला हिरव्या पाल्याची स्वप्नं पडायची. मग लक्षात आलं, आपण चातुर्मासात जो संयम चार महिने पाळतो तो या मुलखाने बारा महिने पाळला आहे. पाण्याचाही तोच हिशेब. चौदाव्या शतकात रावळ गडसीने बांधलेल्या गडीसर तलावावर सगळं गाव जगलं, कारण पाऊस साठवायची शिस्त होती.

ती शिस्त सुटली तर काय होतं, तेही आमच्या डोळ्यांदेखतच सुरू झालं होतं. १९८७ साली इंदिरा गांधी कालवा मोहनगढपर्यंत पोचला. बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला, हे चांगलंच झालं, त्यावर कुणी वाद घालू नये. पण किल्ल्यात नळ आले आणि सांडपाणी जायला नीट वाट नव्हती. हंड्याच्या हिशेबाने बांधलेल्या किल्ल्यात पाणी मुरायला लागलं, पाया भिजला, नव्वदच्या दशकात बुरूज ढासळले. आठशे वर्षं कोरडेपणाने उभा असलेला गड पाण्याने खचू लागला. आणि त्याच गडाच्या पोटात ती ताडपत्रं आहेत.

सासूबाईंना मी हे सगळं पत्रातून लिहायची. त्या उत्तरात प्रत्येक वेळी विचारायच्या, "परत कधी येणार?" पण दुसऱ्या वर्षी त्यांच्या पत्राखाली एक ओळ जास्त होती, "त्या पोथ्या बायकांनीही लिहवून घेतल्या का गं?"

हो. हेच मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे. जुन्या पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असते. कुणाच्या पुण्यार्थ, कुणाच्या पैशाने, कुठल्या गावी लिहिली याची नोंद. त्यांत कितीतरी श्राविकांची नावं येतात. कुणी सासऱ्याच्या नावाने, कुणी स्वतःच्या श्रेयासाठी दागिन्याचा पैसा पोथीला दिला. ही रीत एकट्या गुजरातची नाही. दहाव्या शतकात आमच्या कर्नाटकात अत्तिमब्बेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून वाटल्या असं सांगतात. तीही याच कल्याणच्या चालुक्यांच्या राज्यातली. इतिहासाच्या पुस्तकात येतात ब्यूलर, दलाल, पुण्यविजयजी, आणि ते यायलाच हवेत. पण ज्या पोथ्या त्यांनी शोधल्या, त्या मुळात असाव्यात म्हणून ज्यांनी पैसा दिला, त्यांतल्या अनेक जणींना ती आपली पोथी पुढे कुठल्या गावाला जाईल, हे कधीच कळलं नाही.