जुने नाणे अस्सल की बनावट? धातूपेक्षा तपशिलांची पारख निर्णायक

मुंबई : राणीच्या छापाचा रुपया किंवा ईस्ट इंडिया कंपनीचे नाणे हाती आले की बहुतेक जण ते सराफाकडे नेतात आणि चांदी खरी आहे का, एवढेच विचारतात. संग्राह्य नाण्याच्या बाबतीत हा प्रश्न अपुरा आहे. अस्सल चांदीत तयार केलेली बनावट नाणी बाजारात आढळतात. उलट चांदीचा अंशही नसलेली अस्सल नाणी सरकारी टाकसाळीतून निघालेली आहेत. म्हणून नाणे कोणत्या काळाचे असल्याचा दावा आहे आणि त्याचा प्रत्येक तपशील त्या दाव्याशी जुळतो का, हे पाहणे हीच खरी कसोटी होय.

पूर्वी सराफ नाणे दगडावर टाकून त्याचा नाद ऐकत, तापवून पाहत किंवा टोचून आतला धातू तपासत. ‘खणखणीत नाणे’ आणि ‘तावून सुलाखून घेणे’ हे शब्दप्रयोग याच व्यवहारातून रूढ झाले. मात्र ती परीक्षा चलनातील धातूची होती. संग्राह्य नाण्याला असे एक छिद्र पाडले वा ओरखडा काढला तरी त्याचे मूल्य मोठ्या प्रमाणात घटते. त्यामुळे आजची तपासणी नाण्याला इजा न करता व्हावी लागते.

वजन आणि घनता

कंपनी सरकारने १८३५ मध्ये सर्व इलाख्यांसाठी एकसमान रुपया सुरू केला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, अर्थात जुना एक तोळा होते. त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी आणि उरलेले तांबे असे. व्यास सुमारे ३०.५ मिलिमीटर आणि कडा दातेरी होती. हे प्रमाण १९३९ पर्यंत कायम राहिले. वापराने नाणे झिजते, म्हणजे वजन थोडे घटते. ते वाढत नाही. छाप पुसट झालेला रुपया पूर्ण ११.६६ ग्रॅम किंवा त्याहून अधिक भरत असेल, तर संशयाला जागा आहे.

घनता घरीही तपासता येते. मिलिग्रॅमच्या दहापटीपर्यंत अचूक असलेल्या डिजिटल काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा. नाणे दोऱ्याला टांगून, तळाला किंवा काठाला न लागेल असे पाण्यात बुडवावे आणि काट्यावर दिसणाऱ्या आकड्याने नाण्याच्या वजनाला भागावे. पूर्ण वजनाच्या रुपयासाठी हा आकडा सुमारे १.१३ ग्रॅम आणि भागाकार सुमारे १०.३ येतो. पितळ किंवा जर्मन सिल्व्हरचा भागाकार ९ च्या खाली राहतो.

मात्र हे गणित सालानुसार बदलते. १९४० पासून रुपयातील चांदी ५० टक्क्यांवर आणण्यात आली; त्या नाण्यांची घनता सुमारे ९.५ भरते. १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. ‘चुंबकाला चिकटले म्हणजे खोटे’ हा समज येथे उलटा ठरतो : चांदीचा रुपया चुंबकाला चिकटता कामा नये, तर १९४७ चा रुपया चिकटलाच पाहिजे.

पाडलेले की ओतलेले?

टाकसाळीतील नाणे दोन ठशांमध्ये दाबून पाडले जाते. त्यामुळे अक्षरांच्या कडा रेखीव आणि मोकळा पृष्ठभाग एकसंध असतो. साच्यात ओतलेल्या नकलेवर दहापट भिंगातून बारीक छिद्रे, फुगीर अक्षरे आणि कधी कडेवर साच्याची जोडरेषा दिसते. कडा कानशीने घासलेली असणे हीही धोक्याची खूण आहे.

दोन नाण्यांवर एकाच जागी, एकाच आकाराचा ओरखडा किंवा खड्डा आढळला तर ती दोन्ही बहुधा एकाच नाण्यावरून घेतलेल्या साच्यातील असतात. ठसा सारखा असू शकतो. वापरातील इजा सारखी असत नाही.

साल आणि छाप

कंपनीच्या आणि राणीच्या काळात १८३५, १८४० आणि १८६२ ही साले पुढेही अनेक वर्षे नाण्यांवर कायम ठेवली गेली. १८६२ हे साल रुपयावर १८७४ पर्यंत छापले जात होते. त्यामुळे १८६५ किंवा १८७० साल असलेला व्हिक्टोरियाचा रुपया पुढे आला, तर चांदी तपासण्याआधीच शंका घ्यावी. राणीसाठी ‘क्वीन’ऐवजी ‘एम्प्रेस’ हे पद १८७७ पासून आले. ते १८६२ च्या नाण्यावर असू शकत नाही.

पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी तक्रार झाली आणि पुढील वर्षी सुधारित छाप आला. म्हणून १९११ साल आणि सुधारित हत्ती एकाच नाण्यावर असतील, तर साल बदलले असण्याची शक्यता अधिक. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मीळ आहे. अशा नाण्याचा शेवटचा अंक कोरून किंवा डकवून बदललेला नाही ना, हे भिंगाखाली पाहणे आवश्यक ठरते.

हाताने पाडलेली नाणी

मराठेशाहीतील शिवराई आणि होन हातोड्याच्या घावाने पाडले जात. तेथे यंत्राचे निकष लागू होत नाहीत. शिवराईवरील ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे अनेकदा अर्धवट किंवा कडेबाहेर गेलेली असतात आणि आकारही वेडावाकडा असतो. शिवराया पुढे दीर्घकाळ पाडल्या गेल्याने त्या विपुल आहेत, तर शिवकालीन सोन्याचे होन अत्यंत मोजके आहेत. पूर्ण वर्तुळाकार, सर्व अक्षरे नेमकी मध्यभागी असलेला स्वस्त होन हा बहुतेक वेळा स्मरणवस्तू असतो.

कधीच नसलेली नाणी

१८१८ साल, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि राम दरबार किंवा हनुमानाची प्रतिमा असलेली आण्याची नाणी देशभर विकली जातात. कंपनीने अशी नाणी कधीच काढली नव्हती. ती नंतरच्या काळात बनवलेली आहेत; त्यांना अस्सल नमुनाच नाही. त्यांच्यात तांदळाचे दाणे ओढण्याची शक्ती असल्याचा दावा करून लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारी अनेक राज्यांत पोलिसांकडे नोंदल्या गेल्या आहेत.

सावधगिरी आणि कायदा

जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारासाठी आपल्या नावाने शुल्क, दलाली किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. बँक अशा व्यवहारात नसून तिने कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही. ‘तुमचे नाणे लाखोंना घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा’ असा निरोप आल्यास नाणे अस्सल असो वा नसो, गिऱ्हाईक बनावट आहे असे समजावे.

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या गुप्तधनाची माहिती १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे.

शंका उरल्यास नाणे चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नये. त्यामुळे किंमतही जाते आणि पुरावाही. क्ष-किरण यंत्राने मिश्रधातूचे प्रमाण कळते, पण ते मुख्यतः पृष्ठभागाचे असते आणि छापाबद्दल ते काहीच सांगत नाही. तुलनेसाठी मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तर अभ्यासासाठी नाशिकजवळील अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्था उपयुक्त आहेत. अस्सल नाणे शेजारी ठेवून पाहिल्यावर जी विसंगती लक्षात येते, ती केवळ कसोटीच्या दगडावर दिसत नाही.